तिकडे पाहा

नाव आणि वस्तू यांच्यातले नाते कोणी जोडले आणि ते कशाच्या जोरावर टिकते, हा आपल्याकडच्या दर्शनांतला एक जुना, चिवट वाद आहे. मीमांसकांनी हे नाते नित्य मानले. ते कोणी जोडलेलेच नाही, तेव्हा ते तुटण्याचाही प्रश्न नाही. नैयायिकांनी ते संकेताचे मानले. अमुक शब्दाने अमुक अर्थ कळावा असे कोणीतरी ठरवले, म्हणून तो कळतो. हा वाद आता पाठशाळेपुरता उरला आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने एखाद्या वेब फ्रेमवर्कमधली रीडायरेक्टची एक ओळ सावकाश वाचून पाहावी. माझ्या मते त्या ओळीत नैयायिकांची सरशी होते, पण त्यांनी स्वतः ज्यावर फारसा भर दिला नाही अशा एका कारणाने. संकेत एकदा ठरवून भागत नाही. तो कोणीतरी रोज पाळावा लागतो, आणि पाळणारा थांबला की नाव उरते, नाते जाते.

उदाहरणाला 'यी' हे पीएचपीतले फ्रेमवर्क घेऊ. त्याची १.१ ही आवृत्ती जानेवारी २०१० मध्ये आली आणि पुढे बरीच वर्षे नवशिक्यांचा हात तिच्यावरच बसला. वापरकर्त्याने फॉर्म भरला, नोंद डेटाबेसमध्ये गेली, की कंट्रोलर त्याला त्या नोंदीच्या पानावर धाडतो. तसे केले नाही आणि वापरकर्त्याने पान रिफ्रेश केले, तर तोच फॉर्म पुन्हा जातो आणि एकाच्या दोन नोंदी होऊन बसतात. म्हणून 'हे कर' या विनंतीला सर्व्हर 'ते झाले, आता तिकडे पाहा' असे उत्तर देतो. (विधिवाक्य आणि वस्तू सांगणारे वाक्य यांत भेद करणाऱ्यांना ही सोय आवडली असती.) तिकडे म्हणजे कुठे, हे सांगण्यासाठी रीडायरेक्टला एक अ‍ॅरे दिला जातो. त्यात आधी नुसता 'व्ह्यू' हा शब्द, मग स्वल्पविराम, मग 'आयडी', त्यापुढे बाण आणि बाणापुढे नोंदीचा क्रमांक. जुन्या लिखाणात याच्या अलीकडे 'अ‍ॅरे' असे लिहून गोल कंस घालावे लागत. मार्च २०१२ मध्ये पीएचपी ५.४ आले तेव्हापासून चौकटी कंसावर भागते. हे वाचताना नवशिक्याला जो पहिला प्रश्न पडतो तो अगदी रास्त आहे: 'आयडी'ला नाव आहे, तर मग 'व्ह्यू'ने काय घोडे मारले?

तर 'व्ह्यू'लाही नाव आहे, फक्त ते लिहिलेले नाही. पीएचपीच्या अ‍ॅरेत प्रत्येक किमतीला एक की असतेच. आपण दिली नाही तर पीएचपी शून्यापासून आकडे वाटत जाते. 'व्ह्यू'ची की म्हणजे शून्य. आता १.१ मधला रीडायरेक्टचा कोड उघडला की एक गंमत दिसते. राउट कोणता, म्हणजे कुठे धाडायचे, हे तो शून्य या कीवरून ठरवतो. उरलेले पॅरामीटर मात्र तो कीवरून उचलत नाही. पहिली जागा सोडून पुढचे सगळे, असा तिथे हिशेब आहे. रोजच्या लिखाणात दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. पण कोणी आधी 'आयडी' आणि मग 'व्ह्यू' असे लिहिले, तर राउट बरोबर सापडतो आणि आयडी मात्र गळून पडतो. पीएचपीला विचारावे तर दुहेरी बरोबरच्या चिन्हाने हे दोन अ‍ॅरे समान आहेत आणि तिहेरी चिन्हाने नाहीत, कारण तिहेरी चिन्ह क्रमही तपासते. एवढ्याशा ओळीत 'पहिला' या कल्पनेचे दोन अर्थ नांदतात, नावाने पहिला आणि जागेने पहिला. त्यांचे भांडण सहसा दिसत नाही, याचे कारण लिहिणारे सगळे एकाच वळणाने लिहितात. अ‍ॅरेच्या अंगच्या कुठल्या गुणामुळे ते मिटलेले नाही.

हे वळण यीपुरतेच आहे. केकपीएचपीत रीडायरेक्टच्या अ‍ॅरेत 'कंट्रोलर' आणि 'अ‍ॅक्शन' अशा नाव घातलेल्या की देण्याची रीत आहे. लाराव्हेलमध्ये राउटचे नाव अ‍ॅरेबाहेर वेगळे सांगतात आणि अ‍ॅरेत फक्त पॅरामीटर राहतात. भाषा तीच, कंस तेच, बाणही तोच, पण करार तीन. नैयायिकांनी अशा माणसांनी ठरवलेल्या संकेताला परिभाषा म्हटले आणि ईश्वरेच्छेने चालत आलेल्या शब्दशक्तीपासून ती वेगळी काढली. नवशिका ही परिभाषा शिकतो कशी, तेही पाहण्यासारखे आहे. लहान मूल शब्दाचा अर्थ कसा शिकते याचे आपल्या ग्रंथांतले ठरलेले वर्णन असे आहे: एक वडीलधारा दुसऱ्याला 'गाय आण' म्हणतो, तो गाय आणतो, मग 'गाय बांध', मग 'घोडा आण'. एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा आणि काय बदलते ते बघायचे. याला आवाप-उद्वाप म्हणतात. अ‍ॅरेतला 'व्ह्यू' काढून 'इंडेक्स' घालणारा, 'आयडी' पुसून पान कुठे जाते ते बघणारा विद्यार्थी नेमके हेच करत असतो. व्याख्या तो नंतर वाचतो, आणि बरेच जण तर वाचतही नाहीत.

व्यवहारातून अर्थ शिकला जातो, इतपत मीमांसकालाही मान्य आहे. हे वर्णन मुळात त्याच्याच घरात वाढले. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. अर्थ व्यवहारातून टिकतो आणि व्यवहाराने बदलतोही. रीडायरेक्ट करताना सर्व्हर ब्राउझरला एक आकडा पाठवतो. यीमध्ये तो न सांगता ३०२ असतो. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ३०२ चा अर्थ होता 'तात्पुरते हलवले आहे', आणि ब्राउझरने तीच विनंती त्याच पद्धतीने नव्या पत्त्यावर न्यावी अशी अपेक्षा होती. म्हणजे फॉर्म पाठवला असेल तर फॉर्मच पुन्हा पाठवायचा. ब्राउझर करणाऱ्यांनी तसे केले नाही. ३०२ आला की ते सरळ नवे पान मागू लागले. पुढे एचटीटीपी १.१ च्या दस्तऐवजात गुंता सोडवण्यासाठी दोन नवे आकडे आले. 'दुसरीकडे पाहा' यासाठी ३०३ आणि 'तात्पुरते, पण पद्धत बदलू नका' यासाठी ३०७. एवढे होऊनही ३०२ जुन्याच सवयीने वापरला जात राहिला. अखेर २०१४ च्या नव्या दस्तऐवजाने मान तुकवली आणि ऐतिहासिक कारणाने ब्राउझरने पद्धत बदलली तर चालेल, असे लिहून टाकले. अवयवार्थ एक आणि रूढी दुसरी असे झाले की रूढी जिंकते, हे आपल्या वैयाकरणांना ठाऊक होतेच. इथे फरक एवढाच की अर्थ कोणत्या साली, कोणाच्या हातून सरकला याचे कागद आपल्यासमोर आहेत.

यावर मीमांसकाचे उत्तर तयार आहे, आणि ते हलके नाही. तो म्हणेल, तुम्ही उदाहरणेच सोयीची घेतलीत. वेबवरचा पत्ता म्हणजे देवदत्तासारखे एखाद्या व्यक्तीला ठेवलेले नाव. ते माणसाने ठेवलेले असते हे आम्ही कधी नाकारले? आमचा दावा 'गाय' या शब्दाबद्दल आहे. त्याचा वाच्य ही किंवा ती गाय नाही, गायपण आहे, आणि ते मरत नाही. यातला पहिला भाग मान्य करायला हवा. पण 'व्ह्यू', 'आयडी', ३०२ ही विशेषनामे नाहीत. 'आयडी' कोणत्याही नोंदीला लागू पडतो, ३०२ जगातल्या कोणत्याही सर्व्हरच्या तोंडी येतो. हे जातिवाचकच शब्द आहेत आणि त्यांचाच अर्थ वर सरकलेला आपण पाहिला. मीमांसकाचा दुसरा डाव जास्त खोल आहे. पहिला संकेत ठरवायचा तर तो सांगायला आधी भाषा लागते, आणि त्या भाषेला तिच्या आधीची. मग पहिला संकेत कोणी आणि कशात केला? खरेच आहे, यीच्या अ‍ॅरेचा करार पीएचपीच्या आणि इंग्रजीच्या पाठीवर उभा आहे, आणि ती साखळी मागे कुठे संपते ते कोणी दाखवू शकत नाही. पण यातून निघते ते एवढेच की संकेतांची परंपरा अनादी आहे. अनादी म्हणजे अविनाशी नव्हे. घडा घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो त्याला आरंभ नसतो, आणि घडा झाला की तो संपतो, हे नैयायिकांनीच मांडून ठेवले आहे. मागे टोक नसलेल्या साखळीची पुढची कडी आज तुटू शकते.

आता ३०३ कडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणातला खरा तत्त्वज्ञानाचा ऐवज तिथे आहे. वेबवरच्या पत्त्याने फक्त पानेच दाखवावीत की पत्ता एखाद्या शहराचे, माणसाचे, कल्पनेचेही नाव होऊ शकतो, असा प्रश्न २००२ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या तांत्रिक वास्तू गटापुढे आला. तीन वर्षे खल झाला. जून २००५ मध्ये गटाने निकाल दिला तो असा: पत्ता मागितल्यावर सर्व्हरने २०० म्हणून थेट मजकूर दिला, तर तो पत्ता माहितीरूप गोष्टीचा, म्हणजे पानासारख्या वस्तूचा. ३०३ दिला, तर तो पत्ता कशाचाही असू शकतो. विकिपीडियातली माहिती यंत्रांना वाचता येईल अशी मांडणाऱ्या डीबीपीडियाने हा नियम पाळला. तिथे पुण्याचा एक पत्ता आहे. तो मागितला की सर्व्हर पुणे देत नाही. ३०३ देऊन पुण्याविषयीच्या पानाच्या वेगळ्या पत्त्यावर धाडतो. शहर तारेतून पाठवता येत नाही. सर्व्हर तसे कबूल करतो आणि त्याच दमात म्हणतो, माझ्याकडे त्याविषयीचा मजकूर आहे, तो तिकडे पाहा. गौतमाच्या न्यायसूत्रांतला युक्तिवाद इथे आठवतो. शब्द आणि वस्तू निसर्गतः जोडलेली असती, तर 'अन्न' म्हणताच तोंड भरले असते, 'अग्नी' म्हणताच भाजले असते आणि 'तलवार' म्हणताच कापले असते. तसे होत नाही. त्या 'होत नाही'ला वेबच्या कारभारात स्वतंत्र आकडा मिळाला, आणि तो चंद्र दाखवण्यासाठी आधी फांदीकडे बोट करणाऱ्या शाखाचंद्रन्यायाच्या चालीने काम करतो.

हा सगळा काथ्याकूट आहे, असे तेव्हाही पुष्कळ व्यवहारी प्रोग्रामरांचे मत होते, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. एका पानासाठी दोन फेऱ्या होतात, सर्व्हरवर भार येतो, आणि पुणे म्हणजे शहर की पान हे माणसाला संदर्भाने कळतेच. पण संदर्भ कळणारा माणूस प्रत्येक वेळी मध्ये असतो असे नाही. समजा, एकाच पत्त्याबद्दल दोन नोंदी आहेत: 'हे २००७ मध्ये तयार झाले' आणि 'इथून मुठा वाहते'. पहिली पानाबद्दल आहे, दुसरी शहराबद्दल. नाव एकच असेल तर दोन्ही नोंदी गोळा करणारा प्रोग्राम २००७ मध्ये तयार झालेल्या, मधून नदी वाहणाऱ्या गोष्टीपर्यंत येऊन पोचतो, आणि त्याने तर्कात एकही चूक केलेली नसते. यंत्राला काही 'कळत' नाही, म्हणून यंत्राच्या नावांवरून शब्दार्थाबद्दल बोलू नये, हा आक्षेपही मला इथेच सुटतो असे वाटते. यंत्राला कळत नाही हेच इथे कामाचे आहे. माणसे एकमेकांच्या चुका न बोलता सांभाळून घेतात, त्यामुळे करार कुठे पाळला जातो आणि कुठे नुसता गृहीत धरला जातो, हे बोलण्यात दिसत नाही. यंत्र सांभाळून घेत नाही. तेव्हा जे गृहीत होते ते कोणीतरी लिहावे लागते.

आणखी एक आक्षेप आपल्या घरचा आहे. नाम आणि नामी एकच, असे भक्तिपरंपरा सांगते. मग नाव वस्तूपर्यंत पोचत नाही, फक्त तिच्याकडे धाडते, हे म्हणणे तिला खोटे पाडते का? मला तसे दिसत नाही. नामस्मरणातले नाव पत्ता म्हणून वापरलेलेच नसते. तिकडची वस्तू इकडे आणावी, असा त्याचा हेतू नसतो. तिकडे आणि इकडे हा भेदच पुसावा, असा असतो. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवातले सहावे प्रकरण शब्दखंडनाला दिले आहे. शब्द विसरलेल्याला आठवण करून देतो, त्याचा हा उपकार ते आधी मोकळेपणाने मान्य करतात. मग विचारतात की जे कधी विसरलेच नाही आणि म्हणून आठवतही नाही, त्या आत्म्याला हे स्मारक काय करायचे? रीडायरेक्टला दोन ठिकाणे लागतात. दुसरे ठिकाणच नाही असे जे म्हणतात, त्यांच्या दाव्याला हा निबंध हात घालू शकत नाही. जिथे दोन ठिकाणे आहेत त्या व्यवहारापुरतेच माझे म्हणणे आहे, आणि आपला बहुतेक दिवस त्यातच जातो.

त्या व्यवहारातही नित्यत्वाचा सोस आहेच. ३०१ म्हणजे 'कायमचे हलवले'. पद्धत न बदलता तेच सांगण्यासाठी पुढे ३०८ आला. कायमचे हा शब्द सर्व्हरच्या तोंडी आहे, पण त्यामागे कोणीतरी भरलेले डोमेनचे भाडे आणि कोणीतरी ठेवलेली एक फाइल आहे. ब्राउझर हा शब्द फार मनावर घेतात. ३०१ जवळ साठवून ठेवतात, आणि उद्या मालकाने विचार बदलला तरी जुन्या वापरकर्त्याला सर्व्हरला न विचारता परस्पर नव्या पत्त्यावर नेत राहतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये या विषयावर एक लहानसा लेख लिहिला, चांगले पत्ते बदलत नाहीत अशा आशयाचा. पत्ते आपणहून बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, हा त्यातला मुद्दा. तो लेख तंत्राच्या यादीत टाकला जातो, पण वाचायला तो आचारधर्मावरचा वाटतो. पत्ता टिकवणे हा पत्त्याचा गुण आहे असे त्यात कुठे म्हटलेले नाही. ते मालकाचे काम आहे, असे म्हटले आहे. अ‍ॅरे वापरून रीडायरेक्ट करण्याची रीतही याच जाणिवेतून आली. कोडमध्ये पत्ता थेट न लिहिता राउट आणि पॅरामीटर लिहायचे आणि पत्ता घडवायचे काम एका ठिकाणी सोपवायचे, म्हणजे उद्या पत्त्यांची घडण बदलली तर दुरुस्ती एकाच जागी करता येते. नाती तुटणार हे गृहीत धरूनच ही सोय केलेली आहे.

आणि तुटल्यावर काय? वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार केले: अजून न झालेल्याचा, होऊन नष्ट झालेल्याचा, कधीच नसलेल्याचा, आणि 'हे ते नव्हे' असा परस्परांचा. ३०३ मध्ये हा चौथा दडलेला आहे. हे पान पुणे नव्हे. सर्वांच्या ओळखीचा ४०४ पहिल्या तिघांत काही भेदच करत नाही. इथे काही सापडले नाही, एवढेच तो म्हणतो. पूर्वी होते का, पुढे येईल का, याबद्दल त्याचे तोंड बंद. त्याच्याशेजारी ४१० आहे, तो क्वचितच दिसतो. इथे होते आणि आता ते गेले, परत येणार नाही, असे तो सांगतो. हा सरळसरळ दुसरा प्रकार, प्रध्वंसाभाव झाला. ४०४ द्यायला काही माहीत असावे लागत नाही. ४१० द्यायचा तर काय होते ते कोणीतरी लक्षात ठेवावे लागते, आणि तसे लिहूनही ठेवावे लागते. डोमेनच सोडून दिले की मग यांतला कुठलाच आकडा येत नाही. ब्राउझर सर्व्हर सापडत नसल्याचे सांगतो, आणि ते वाक्यही त्याचे स्वतःचे असते. पलीकडून कोणी काही बोललेले नसते.